सेल्फ टकटक करतो, इंजिन फिरत नाही: नवी बॅटरी घेण्याआधी काय बघायचं

चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, बोनेटखालून टक् असा आवाज येतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. कोल्हापुरात अशी गाडी रस्त्याकडेला उभी राहिली की दोन मिनिटांत चारजण गोळा होतात आणि त्यातला एक तरी ठासून सांगतो, "बॅटरी गेली भावा, नवीन टाक." त्याचं बरोबर असण्याची शक्यता बरीच असते. पण सैल झालेलं टर्मिनल, कुजलेली अर्थची वायर आणि सेल्फमधले (म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरमधले) झिजलेले कार्बन, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, हेसुद्धा अगदी असाच आवाज काढतात. नवी बॅटरी टाकून यातलं काहीच दुरुस्त होत नाही. उलट दोन दिवस गाडी बरी चालते आणि मग पुन्हा तेच, म्हणून माणूस जास्त वैतागतो.

ही चार कारणं एकमेकांपासून वेगळी करायला फारसं काही लागत नाही. स्वतःचे कान, गाडीची हेडलाइट, एक 10 नंबरचा पाना आणि जमल्यास साधा मल्टिमीटर, एवढं पुरतं. पहिल्यांदाच बोनेट उघडणाऱ्यालाही हे जमतं.

सुरुवातीलाच एक मोठा भाग बाजूला काढू. इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोल, डिझेल, सीएनजी, स्पार्क प्लग, इंजेक्टर यांच्याकडे बघू नका. त्यांचं काम इंजिन फिरायला लागल्यावर सुरू होतं. इंजिन कुर्रकुर्र फिरतंय पण पेट घेत नाही, तो आजार वेगळा आणि त्याचा इलाजही वेगळा. टक् आवाज येऊन इंजिन गप्प असेल तर ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही.

आधी पाण्याचा प्रश्न

पुढचं काहीही करण्याआधी एका गोष्टीचं उत्तर स्वतःला द्या: गाडी पाण्यातून आली आहे का, किंवा पाण्यात उभी होती का? 2005, 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या शहरात हा प्रश्न पहिला यायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे पावसाळ्यात इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क या भागांत उभ्या गाड्यांच्या बोनेटपर्यंत पाणी चढलेलं लोकांनी पाहिलंय.

एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना अडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फ मारला की एकच जड 'ठक्' ऐकू येतं आणि इंजिन जागचं हलत नाही. हा आवाज हुबेहूब बिघडलेल्या सेल्फसारखा असतो, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा चावी मारतो, जंप देतो (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने वीज घेतो), धक्का मारतो. त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. तोवर काही शे रुपयांत सुटणारं काम इंजिन खोलण्यावर जातं. गाडीच्या साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं जादा कलम घेतलेलं असावं लागतं.

तेव्हा पाण्याची शंका असेल तर चावीला हातच लावायचा नाही. एअर फिल्टरची पेटी उघडून फिल्टर ओला आहे का बघा, डिपस्टिक काढून ऑइल दुधाळ चहासारखं झालंय का बघा. दोन्हींतलं एक जरी दिसलं तरी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या. ओढून नेताना गाडी गिअरमध्ये नको.

पाण्याचा संबंध नसेल तरच पुढे वाचा.

टक् म्हणजे नक्की काय

चावी शेवटपर्यंत फिरवली की एक छोटा करंट रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचमधून, सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसलेलं छोटं नळकांडं. त्याच्या आतला लोखंडी दट्ट्या खेचला जातो आणि एकाच झटक्यात दोन कामं करतो. बेंडिक्सची दातेरी पिनियन पुढे सारून फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगेत अडकवतो आणि तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून बॅटरीचा मोठा करंट मोटरला देतो. आपल्याला ऐकू येतो तो या दट्ट्याचा आवाज.

म्हणजे जोरकस टक् ऐकू आलं की चावीचा स्विच, रिले, क्लच किंवा गिअरचा सेफ्टी स्विच यांनी आपलं काम केलेलं असतं. छोटा करंट पोचला, मोठा करंट कुठेतरी अडला. आपल्याला शोधायचंय ते एवढंच: तो कुठे अडला.

मोठा म्हणजे किती? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण 100 ते 200 अँपिअर ओढतो, डिझेल गाडीचा त्याहून जास्त. 55 वॅटचे दोन हॅलोजन हेडलाइट मिळून जेमतेम 9 अँपिअर खातात. "लाइट तर लागतात की, मग बॅटरी चांगलीच आहे" या वाक्यातली गोम इथे आहे. दिवे लागायला जे पुरतं ते सेल्फला पुरत नाही. टाकी भरलेली असली तरी कॉक गंजून अर्धा बंद असेल तर तांब्या भरतो, बादलीला मात्र तासभर लागतो, तसाच हा प्रकार.

कान लावून ऐका

खिडकी उघडी ठेवा, ब्लोअर आणि गाणी बंद करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला टाका, क्लच पूर्ण दाबा. ऑटोमॅटिक असेल तर पी किंवा एन, ब्रेकवर पाय. मग एकदाच दोन-तीन सेकंद चावी मारा.

भराभर टकटकटकटक असा आवाज येत असेल तर सोलेनॉइड खेचला जातोय, मोटरने करंट मागितला की बॅटरीचा दाब (व्होल्टेज) कोसळतोय, सोलेनॉइड सुटतोय, भार गेल्यावर दाब पुन्हा वर येतोय आणि तो परत खेचला जातोय. सेकंदाला कितीतरी वेळा हे चक्र फिरतं. कारण जवळजवळ नेहमी उतरलेली बॅटरी किंवा खराब टर्मिनल. सेल्फवर उगीच संशय घेऊ नका.

एकच ठणठणीत 'टक्' आणि मग शांतता असेल तर दट्ट्या खेचला जाऊन तिथेच धरला गेलाय, पण मोटर फिरलेली नाही. इथे शक्यता जास्त आहेत आणि त्यांची फोड हेडलाइटवरून होते.

तिसरा आवाज फसवा. डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्समधून बारीक 'टिक' येते, बोनेटखाली काहीच नाही. तो फक्त रिले. एकाला बोनेटजवळ उभं करून दुसऱ्याने चावी मारली की आवाज कुठून येतो ते लगेच कळतं. रिलेच वाजत असेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघा आणि हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो काढून तिथे लावून बघा. अंगावर छापलेला नंबर जुळला पाहिजे, नुसता आकार जुळून चालत नाही. फरक पडला नाही तर रिलेपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर तपासायची. उसाच्या रानालगत गाडी लावणाऱ्यांनी ती आधी बघावी, कारण उंदरांना बोनेटखालची ऊब आवडते आणि वायरीही.

हेडलाइटची परीक्षा

मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत कामाची आणि सर्वांत कमी वापरली जाणारी तपासणी हीच. हत्यार लागत नाही, हातही काळे होत नाहीत. गाडीचं तोंड भिंतीकडे असेल तर उत्तम, नाहीतर एकाला समोर उभं करा. हेडलाइट लावा आणि चावी मारताना तिचा उजेड कसा बदलतो ते बघा.

आधीच मंद, पिवळट होती आणि चावी मारताच विझल्यागत झाली: बॅटरी उतरलीय.

चांगली झगझगीत होती, चावी मारताच एकदम विझली आणि नंतरही नीट परतली नाही, किंवा डॅशबोर्डसकट सगळं बंद पडून थोड्या वेळाने आपोआप आलं: टर्मिनल सैल किंवा गंजलेलं. बॅटरीत दम आहे, पण सांध्यातून करंट जात नाही. ही खूण अनुभवी वायरमन लांबून ओळखतो.

झगझगीत होती, टक् झालं आणि उजेड जराही हलला नाही: बॅटरीवर मोठा भार पडलेलाच नाही. म्हणजे करंट मोटरपर्यंत गेला नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळालेत, कार्बन झिजलेत किंवा सेल्फकडे जाणाऱ्या मोठ्या वायरीत तोड आहे. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी खराब असेल तरीही असंच दिसू शकतं.

झगझगीत होती, एक जड ठक् आलं आणि उजेड खूप खाली गेला, पण विझला नाही: करंट मोटरपर्यंत पोचतोय आणि मोटर तो खातेय, तरी फिरत नाही. मग सेल्फ आतून जाम आहे, पिनियन रिंगेत अडकलीय किंवा इंजिनच फिरायला तयार नाही. पाण्याचा प्रश्न पुन्हा एकदा विचारा.

आजकालच्या गाड्यांत एलईडी हेडलाइट असतील तर ही परीक्षा थोडी फसते, कारण त्या कमी व्होल्टेजलाही तितक्याच उजळ राहतात. अशा वेळी आतला छताचा दिवा बघा, तोही एलईडी असेल तर सरळ मल्टिमीटर काढा.

टर्मिनल

आवाज कुठलाही असो, बोनेट उघडलं की पहिला हात टर्मिनलला. दोन्ही क्लॅम्प हाताने पिळून बघा. जरासुद्धा हलत असेल तर तो दोष. पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशीसारखी पावडर दिसली तर ती काढायची. कधी कधी वरून सगळं चकाचक असतं आणि क्लॅम्पच्या आतल्या बाजूला काळपट थर धरलेला असतो, म्हणून एकदा सोडवून बघणं बरं.

सोडवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटा, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते आणि पाना लाल होतो. हातातलं कडं, अंगठी, धातूचं घड्याळ आधी काढून ठेवा. बिडी-सिगारेट लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो.

कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो, तो येऊ द्या. हे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. मग साध्या पाण्याने धुवून कोरडं करा, पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकवा, क्लॅम्प तळापर्यंत बसवून आवळा आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. आधी व्हॅसलिन लावून मग आवळायचं नाही. नट प्रमाणाबाहेर पिळला तर शिशाचा खांब वाकतो किंवा बॅटरीचं तोंड तडकतं, तेवढं जपा.

पुष्कळ गाड्या इथेच सुरू होतात.

मल्टिमीटर लावायचा तर

साधा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो आणि घरातही उपयोगी पडतो. डीसी 20 व्होल्टवर ठेवा, लाल काडी पॉझिटिव्ह खांबाला, काळी निगेटिव्ह खांबाला.

गाडी काही तास बंद असताना 12.6 किंवा जास्त दाखवलं तर बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या आसपास म्हणजे पाव. 10.5 च्या जवळ अडकली असेल आणि चार्जिंगनेही वर येत नसेल तर सहा सेलपैकी एक मेला असावा, कारण एक सेल साधारण 2.1 व्होल्टचा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा खोटा फुगलेला असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, मग मोजा.

पण नुसता उभा आकडा पुरत नाही. काड्या तशाच धरून दुसऱ्याला चावी मारायला सांगा. सेल्फ मारताना बॅटरी 9.6 च्या वर राहिली तर ती कामाची. झपकन 7-8 वर आली तर उतरलेली किंवा थकलेली. 12 च्या वरच राहिली आणि टक् एवढंच आलं, तर बॅटरीला दोष देऊ नका, तिच्याकडून कोणी काही मागितलंच नाही.

आता अर्थची परीक्षा. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (क्लॅम्पला नव्हे), लाल काडी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त दाखवलं तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट खराब. चांगल्या गाडीत हा आकडा 0.2 च्या आत असतो. मीटर नसेल तरी एक सोपी युक्ती आहे: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या एखाद्या जाड बोल्टला लावा आणि चावी मारा. गाडी पटकन सुरू झाली तर अर्थची पट्टी बदला, खर्च किरकोळ आहे.

जंप देताना

दुसरी गाडी 12 व्होल्टचीच हवी. कार, जीप, बहुतेक ट्रॅक्टर चालतात. उसाचा ट्रक किंवा एसटी यांची यंत्रणा 24 व्होल्टची असते. "मोठी गाडी आहे, जोर जास्त" म्हणून तिच्यावरून जंप घेतला तर तुमच्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. मोटरसायकलची बॅटरी लहान पडते. आपली बॅटरी फुगलेली असेल, गळत असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर जंप अजिबात द्यायचा नाही.

1. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकलेल्या, हँडब्रेक ओढलेले.
2. लाल केबल आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला.
3. काळी केबल दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला. तिचं दुसरं टोक आपल्या बॅटरीला नव्हे, तर आपल्या इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती बॅटरीच्या गॅसजवळ नको.
4. दुसरी गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं थोडी रेस देऊन ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग "जंपनेही होत नाही" म्हणतात.
5. आता आपली चावी मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मध्ये मिनिटभर थांबा.
6. सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा.

स्वस्तातल्या केबल बाहेरून जाड आणि आतून बारीक असतात. सेल्फ मारताना केबल गरम झाली तर दोष केबलचा. तांब्याच्या, जाड तारेच्या घ्या.

जंपने सुरू झाली तर

टर्मिनल आणि अर्थ ठीक असतील तर मग बॅटरी उतरलेली होती हे पक्कं. ती का उतरली, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा वरखाली करतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा. 12.5 च्या खाली राहून हळूहळू उतरत असेल आणि डॅशबोर्डवर बॅटरीचं चिन्ह लाल दिसत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा गेला. असल्या गाडीने पुण्याला निघू नका, कराडच्या अलीकडेच बसाल.

चार्जिंग बरोबर असेल आणि बॅटरीला चार-पाच वर्षं झाली असतील तर तिचा काळ भरला. आणि बॅटरी तरणी असेल तर गाडी कशी वापरली जाते ते बघा. पोरं पुण्याला, गाडी इकडे राजारामपुरीत दारात झाकून, गौरी-गणपतीला बाहेर काढायची, असा प्रकार घरोघरी आहे. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांसाठी थोडा करंट खातेच. 50 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत जवळपास अर्धी होते. त्यात डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडलेला असेल किंवा डिकीचा दिवा बंद होत नसेल तर आठवडाही पुरतो. अशा गाडीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

गाडी रोज फिरते पण फक्त घर ते महाद्वार रोड ते घर, असं असेल तरीही बॅटरी हळूहळू उतरत जाते. सिग्नलला थांबत, एसी लावून केलेल्या दहा मिनिटांच्या फेरीत सेल्फने घेतलेलं जेमतेम परत मिळतं. जंपनंतर रंकाळ्याला एक चक्कर मारली म्हणजे बॅटरी भरली, असं होत नाही. बॅटरीच्या दुकानात रात्रभर मंद चार्जिंगला लावा. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला लोड टेस्टर लावून दाखवायला सांगा. पाणी भरायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल बघून घ्या: 1.26 च्या वर म्हणजे भरलेला, आणि एकच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर बॅटरी बदलायला झाली.

जंपनेही नुसतं टक् होत असेल तर

टर्मिनल स्वच्छ, अर्थ ठीक, जंप जाड केबलने दिलेला, तरी एकच टक्. आता सेल्फवर या.

जुनी युक्ती म्हणजे एकाने चावी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलके ठोकायचं. कार्बन झिजून अडकले असतील तर ते पुन्हा टेकतात आणि गाडी सुरू होते. हलके हा शब्द महत्त्वाचा, कारण आताच्या बहुतेक सेल्फमध्ये आत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात आणि हातोड्याने ते फुटतात. गाडी न्यूट्रलला आहे याची खात्री, ओढणी-टायसारखं काही पट्ट्याजवळ नको, आणि गाडीखाली नुसत्या जॅकवर शिरायचं नाही. ठोकून सुरू झाली तर ती थेट वायरमनकडेच न्या. हा उपाय एक-दोनदाच चालतो.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवणारे उस्ताद तुम्हाला भेटतील. ते तुम्ही करू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते.

सेल्फ बिघडला म्हणजे पूर्ण नवाच घ्यावा लागतो असंही नाही. ऑइल इंजिनांच्या काळापासून यंत्रं खोलून जोडायची सवय असलेलं हे शहर आहे. शिवाजी उद्यमनगरात हिंडलात तर सेल्फ आणि अल्टरनेटर बाकावर धरून दुरुस्त करणारे कारागीर सापडतात. त्यांना एवढंच विचारा: "कार्बन गेलेत, सोलेनॉइड गेलाय, बुश गेलंय का आर्मेचर?" कार्बन, बुश आणि सोलेनॉइड बदलण्यासारखे असतात आणि खर्च आटोक्यात राहतो. आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळलं असेल तर रिवाइंडिंगपेक्षा पूर्ण सेल्फ बदलणं मला जास्त पटतं. जुने सुटे भाग मागून घ्या आणि परत बसवण्याआधी बाकावर फिरवून दाखवायला सांगा.

धक्का

माणसं धक्का मारायला आनंदाने तयार असतात, पण तो फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला आणि फक्त बॅटरी किंवा सेल्फचा दोष असेल तेव्हा. ऑटोमॅटिकला नाही, एएमटीलाही (क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या गाडीलाही) नाही. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच झटक्यात सोडून लगेच पुन्हा दाबायचा. बॅटरी पार मेलेली असेल तर कॉम्प्युटर आणि फ्यूएल पंपाला वीज मिळत नाही आणि कितीही धक्का मारला तरी उपयोग होत नाही.

पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या उतारावर "सोडा खाली, होईल सुरू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. उतारावर चाकाला दगड लावून जंपची वाट बघा.

फोनवर काय सांगायचं

वायरमनला "गाडी चालू होईना, या" एवढंच सांगितलं तर तो नुसता पानेच घेऊन येतो. असं सांगा: "एकच टक् येतंय. हेडलाइट कमी होत नाही. टर्मिनल साफ केलंय. जंप दिला, फरक नाही. पाण्यातून आलेली नाही." तो सेल्फ उतरवायच्या तयारीने येईल. टकटकटक आणि मंद लाइट सांगितलीत तर चार्ज केलेली बॅटरी आणि केबल आणेल. एक फेरी वाचते.

आणि शेवटी बॅटरीच घ्यायची वेळ आली तर जुनीचा अँपिअर-तास आणि पॉझिटिव्ह खांब डावीकडे आहे का उजवीकडे, याचा फोटो काढून न्या. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते, साधी टाकली तर लवकर मरते. नव्या बॅटरीवरची तारीख बघा, दुकानात सहा महिने पडून असलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि गाडीचा नंबर तिथेच लिहून घ्या. जुनी बॅटरी परत दिली की किमतीत सूट मिळते, ती आधी ठरवून मग पैसे द्या.